बॅकअपला स्वतःचा पत्ता माहीत नसतो

रात्री पावणेबाराचा फोन. पागोळ्यांचा आवाज एवढा होता की ओटीवर काही ऐकू येईना, म्हणून मी माजघरात आले. तिकडून ऑपरेटर म्हणाला, “ताई, सिस्टिम वर आली. टेपचा नंबर सांगा, माउंट लावतो.”

मी नंबर शोधायला लागले आणि पोटात गोळा आला. तो नंबर जिथे जिथे लिहिलेला होता, त्या सगळ्या जागा आम्ही त्या रात्रीसाठी मुद्दाम बंद केल्या होत्या.

मी सतरा वर्षं मेनफ्रेमचं, म्हणजे बँकेच्या मोठ्या मुख्य संगणकाचं, स्टोरेज सांभाळते. आमचं मुख्य डेटा सेंटर नवी मुंबईत, दुसरं लांब वेगळ्या शहरात. २०२० पासून मी गुहागर तालुक्यातल्या सासरच्या घरून काम करते. घरामागे नारळी-पोफळीचं आगर, त्यापलीकडे समुद्र. पावसाळ्यात वीज जाणार हे आम्ही धरूनच चालतो. इन्व्हर्टर आहे, ब्रॉडबँड आहे, आणि ते दोन्ही गेलं तर विहिरीच्या रहाटापाशी मोबाइलला थोडी रेंज येते. अगदीच निकड असेल तर वर सड्यावर जायचं.

मेनफ्रेमशी संबंध न आलेल्यांसाठी थोडं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. मेनफ्रेमवर प्रत्येक फाइलला, म्हणजे आमच्या भाषेत डेटासेटला, जास्तीत जास्त ४४ अक्षरांचं नाव असतं. प्रोग्राम फक्त नाव सांगतो. ते नाव कुठल्या डिस्कवर किंवा कुठल्या टेपवर आहे, हे कॅटलॉग सांगतो. एक मास्टर कॅटलॉग असतो, त्याच्या हाताखाली युजर कॅटलॉग असतात, आणि नावाच्या पहिल्या तुकड्यावरून कोणाला विचारायचं ते मास्टरला कळतं. कॅटलॉग बिघडला म्हणून डेटा जात नाही. जमीन जागच्या जागी असते, पण सातबारा हरवलेल्या माणसाला ती जमीन विकताही येत नाही आणि तिच्यावर कर्जही मिळत नाही, तशी गत होते. बँकेची रात्रीची बॅच अशा वेळी पहिल्याच जॉबला अबेंड होते, म्हणजे मध्येच कोसळते.

व्हर्च्युअल टेप ही दुसरी गोष्ट. आयबीएमचं ७२६ हे टेप ड्राइव्ह १९५२ सालचं, आणि तेव्हापासून टेप लिहिण्याची जी शिस्त बसली ती आजही सुटलेली नाही. मेनफ्रेमला वाटतं आपण ३४९०ई जातीच्या ड्राइव्हवर टेप चढवतोय. प्रत्यक्षात काहीच चढत नाही. टीएस७७०० सारखं यंत्र ते सगळं आधी डिस्कच्या कॅशमध्ये घेतं, तिथून सवडीनं ३५९२ जातीच्या खऱ्या कार्ट्रिजवर एकापुढे एक रचून ठेवतं, आणि दुसऱ्या शहरातल्या आपल्या जोडीदार यंत्राला प्रत पाठवतं. टेप खरी नसली तरी तिचा नंबर खरा असतो. सहा अक्षरी, त्याला आम्ही व्हॉलसर म्हणतो. तो माहीत असेल तर सगळं मिळतं.

डिस्कचं रेप्लिकेशन, म्हणजे दुसऱ्या शहरात सतत जाणारी प्रत, असताना टेपवरून कॅटलॉग परत आणायचा खटाटोप कशाला, असं अनेकांनी विचारलं. वरच्या लोकांनीही विचारलं. रेप्लिकेशन चुकाही तितक्याच तत्परतेनं पोचवतं. कुणी चुकून युजर कॅटलॉगमधल्या नोंदी उडवल्या, तर दुसऱ्या शहरातही त्या लगेच उडतात. अशा वेळी कामी येतो तो कालचा, वेगळा काढून ठेवलेला बॅकअप. म्हणून त्या वर्षीच्या ड्रिलचा, म्हणजे संकट आलंय असं धरून केलेल्या तालमीचा, नियम असा ठरला की डिस्कची प्रत नाही असं समजायचं, दोन यंत्रांमधला दुवा बंद ठेवायचा, दुसऱ्या टोकाच्या यंत्राला राइट-प्रोटेक्ट लावायचं, आणि एका छोट्या रेस्क्यू सिस्टिमवर उभं राहून फक्त टेपच्या जोरावर कॅटलॉग परत आणायचे. प्रॉडक्शन, म्हणजे रोजची खरी सिस्टिम, शेजारी चालू असलं तरी त्याला काहीही विचारायचं नाही.

बॅकअप आम्ही रोज घेत होतो. रात्री दोनला जॉब चालतो, सात युजर कॅटलॉग आणि मास्टर, प्रत्येकाचा एक्स्पोर्ट, म्हणजे काढलेली प्रत, व्हर्च्युअल टेपवर. गेली कित्येक वर्षं रिटर्न कोड शून्य, म्हणजे काही चुकलं नाही. त्या शून्याकडे बघून आम्ही रोज सकाळी पुढच्या कामाला लागत होतो.

तर, नंबर. कॅटलॉगच्या बॅकअपचा व्हॉलसर कुठे असतो? एक तर कॅटलॉगमध्येच, कारण तो बॅकअपही एक डेटासेटच. दुसरा, टेप सांभाळणाऱ्या आरएमएम या सॉफ्टवेअरच्या कंट्रोल डेटासेटमध्ये. आणि टेप कुठल्या लायब्ररीत आहे ते टेप कॉन्फिगरेशन डेटाबेसमध्ये, तोही एक कॅटलॉगच. रेस्क्यू सिस्टिमवर यातलं काहीच नव्हतं. आरएमएमच्या डेटासेटचा बॅकअपही टेपवरच होता आणि त्याचा व्हॉलसर शोधायला आरएमएम हवं होतं. रोजच्या रिपोर्टची प्रत होती, पण ती ज्या डेटासेटमध्ये होती त्याचा पत्ता एका युजर कॅटलॉगमध्ये.

फोनवर टीमलीड सर, ऑपरेटर आणि मी. काही क्षण तिघंही गप्प. मग सर म्हणाले, “यंत्राला विचारू या.” यंत्र आपल्याजवळच्या सगळ्या व्हॉल्यूमची यादी देतं. बल्क व्हॉल्यूम इन्फर्मेशन रिट्रीव्हल नावाची सोय आहे, तिच्यातून कुठला व्हॉल्यूम, किती मोठा, कधीचा, एवढं कळतं. आत कुठला डेटासेट आहे ते यंत्राला माहीत नसतं. हजारो नंबर आले. मी म्हटलं, कॅटलॉगचा एक्स्पोर्ट लहान असतो, आणि तो रात्री दोन ते अडीचमध्ये लिहिला जातो. आकार आणि वेळ लावून गाळत गाळत त्रेसष्ट व्हॉल्यूम उरले.

आता ते एकेक उघडून बघायचे. पण लायब्ररीतला टेप माउंट व्हायचा तर टेप कॉन्फिगरेशन डेटाबेसमध्ये त्याची नोंद लागते, आणि आमचा तो डेटाबेस रिकामा. मग आयडीकॅम्स या कॅटलॉगची कामं करणाऱ्या प्रोग्राममध्ये क्रिएट व्हॉल्यूमएन्ट्री ही कमांड देऊन प्रत्येक व्हॉलसरची नोंद हातानं करायची. नोंदीच्या नावात व्हॉलसरच्या आधी एक ‘व्ही’ लावावा लागतो. पहिल्या दोन नोंदी आम्ही तो न लावताच केल्या आणि दहा मिनिटं चुकीच्या संदेशाकडे बघत बसलो.

साडेबाराला आमच्याकडची वीज गेली. इन्व्हर्टरवर राउटर चालू राहिला, पण पुढे कुठे तरी फायबरच बंद पडलं. व्हीपीएन तुटलं. छत्री घेऊन मी विहिरीपाशी गेले. रहाटावर पाणी कोसळत होतं, आणि तिथे उभी राहून मी ऑपरेटरला एकेक पायरी सांगत होते, तो टाइप करत होता. एक गोष्ट तेव्हा पक्की कळली. फोनवर व्हॉलसर सांगताना मराठीत दोन-दोन आकडे जोडून म्हणायचे नाहीत. ‘एकोणऐंशी’ म्हटलं तर समोरचा एकोणनव्वद लिहितो. सात, नऊ, असं सुटं सुटं म्हणायचं. आणि ‘व्ही’ की ‘बी’, ‘डी’ की ‘टी’ हे पावसात ऐकू येत नाही. आम्ही आपसूकच गावांवर आलो. व्ही वेंगुर्ल्याचा, बी बाणकोटचा, डी दापोलीचा. तो विदर्भातला, त्याला बाणकोट कुठे आहे ते माहीत नव्हतं, पण पहिल्या खेपेला सांगितल्यावर पुन्हा चुकला नाही.

टेपच्या सुरुवातीला लेबलं असतात, ८०-८० अक्षरांची. व्हीओएल१ मध्ये व्हॉलसर, एचडीआर१ मध्ये डेटासेटचं नाव. लेबल-प्रोसेसिंग बाजूला ठेवून वाचलं की ती उघडी दिसतात. त्यासाठी खास परवानगी लागते, ती सरांनी सुरक्षा विभागाकडून तिथल्या तिथे मिळवली. आता गंमत बघा, म्हणजे त्या वेळी गंमत वाटली नव्हती: एचडीआर१ मध्ये नावाची फक्त शेवटची १७ अक्षरं मावतात. आमचे बॅकअप पिढ्यांनी चालणारे, म्हणजे नावाच्या शेवटी टिंब, जी, चार आकडे, व्ही, दोन आकडे. त्यातच नऊ अक्षरं संपली. उरली आठ. आणि आमच्या नावात त्या आठांच्या जागी सगळ्या कॅटलॉगना एकच शब्द होता, ‘बॅकअप’ अशा अर्थाचा. कुठला कॅटलॉग हे सांगणारा तुकडा नावात आधी होता, लेबलवर तो पोचतच नव्हता.

म्हणजे टेप सापडला तरी कोणाचा ते कळेना. आतला डेटा उघडून पहिल्या नोंदी वाचून ओळखायचं. पहाटे चार वाजून वीस मिनिटांनी पहिला युजर कॅटलॉग ओळखू आला. आणि तो कालचा नव्हता, परवाचा होता. कालचा त्या टोकाला पोचलाच नव्हता. कॅटलॉग बॅकअपला लावलेल्या मॅनेजमेंट क्लासमध्ये, म्हणजे टेपचं काय करायचं ते ठरवणाऱ्या नियमांत, प्रत पाठवायचा प्रकार ‘डेफर्ड’ होता, म्हणजे सवडीनं. त्या रात्री यंत्राला सवड झाली नव्हती.

आठवा कॅटलॉग सकाळी पावणेअकराला आला. ड्रिल ‘यशस्वी, विलंबासह’ म्हणून नोंदलं गेलं. मी तो शब्द बदलून घेतला. यशस्वी म्हणता येत नव्हतं. त्या रात्री खरोखरच काही झालं असतं तर सकाळी शाखा उघडल्या नसत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपले. उठले तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरात दाराआडच्या खुंटीवरच्या किल्ल्या खाली काढून पुसत बसल्या होत्या. आमच्या आळीतली सात घरं बंद असतात. माणसं मुंबईला, डोंबिवलीला, पुण्याला. गणपतीत आणि मे महिन्यात येतात, किल्ली मागतात, जाताना परत देतात. प्रत्येक किल्लीला जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याची चिठ्ठी, सुतळीनं बांधलेली. चिठ्ठीवर घराचं नाव पेन्सिलनं. पेनाची शाई आमच्याकडच्या दमट हवेत पसरते, पेन्सिल राहते. दर पावसाळ्यात त्या किल्ल्या काढतात, गंज आला असेल तर खोबरेल लावतात, आणि एक दिवस उघडीप बघून प्रत्येक घराचं कुलूप उघडून बघतात. नुसती किल्ली असून भागत नाही, कुलपात फिरायला हवी, असं त्यांचं म्हणणं.

मी चहा घेत रात्रीचं सांगितलं. मेनफ्रेम त्यांना माहीत नाही, पण हरवलेली किल्ली चांगली माहीत आहे. ऐकून म्हणाल्या, “अगो, सगळ्यांच्या किल्ल्या आपल्या खुंटीला. आणि आपली?”

मी खुंटीकडे बघितलं. आमच्या घराची दुसरी किल्ली तिथे नव्हती.

“ती खालच्या आळीत, काकूंकडे. आपल्या घराची किल्ली आपल्याच घरात लावून ठेवली तर आपण बाहेर राहिल्यावर उघडायचं कशानं?”

इतकी वर्षं त्या घरात राहून ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. आणि मला रात्रीचा गुंता तिथे सुटल्यासारखा झाला. आरएमएमचा बॅकअप घेताना काय होतं? बॅकअप सुरू झाला त्या क्षणी आरएमएमला जेवढं माहीत असतं तेवढं त्यात उतरतं. ज्या टेपवर तो उतरतोय, त्या टेपची नोंद मात्र नंतर होते. म्हणजे आरएमएमच्या कुठल्याही बॅकअपमध्ये स्वतःच्या टेपचा नंबर नसतो, कधीच असू शकत नाही. कॅटलॉगचंही तेच, टेप कॉन्फिगरेशन डेटाबेसचंही तेच. बॅकअप कितीही वेळा घ्या, तो नंबर बाहेरच कुणाकडे तरी ठेवावा लागणार. आम्ही सगळ्या घरांच्या किल्ल्या नीट टांगल्या होत्या आणि आमची त्याच खुंटीवर.

पुढचे दोन महिने मी आणि टीमनं या एकाच कामावर घालवले. सगळं इथे सांगत नाही, ज्यात वेळ गेला आणि ज्याचा उपयोग इतरांना होईल तेवढं सांगते.

पहिलं, काय काय एकत्र धरायचं. मास्टर आणि युजर कॅटलॉग, टेप कॉन्फिगरेशन डेटाबेस, आरएमएमचा कंट्रोल डेटासेट आणि त्याचं जर्नल, डेटा हलवणाऱ्या आणि त्याचे बॅकअप घेणाऱ्या एचएसएम या सॉफ्टवेअरचे नोंदींचे तीन डेटासेट, एमसीडीएस, बीसीडीएस, ओसीडीएस, आणि त्यांचं जर्नल. आधी हे वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या जॉबमध्ये निघत होते. कॅटलॉग दोनचा, आरएमएम सकाळी सहाचं. मधल्या चार तासांत शेकडो टेप लिहिले जातात, शेकडो सुटतात. असे दोन बॅकअप एकत्र परत आणले तर कॅटलॉग म्हणतो अमुक डेटासेट या टेपवर आहे, आणि आरएमएम म्हणतं हा टेप रिकामा, वापरा. आता सगळे एका मागोमाग एक, बॅच थंड असतानाच्या अर्ध्या तासात निघतात.

दुसरं, बॅकअपच्या आधी तपासणी. आयडीकॅम्सची एक्झॅमिन कमांड, इंडेक्सटेस्ट आणि डेटाटेस्ट दोन्ही. मग डायग्नोज, कॅटलॉग आणि डिस्कवरचा व्हीव्हीडीएस, म्हणजे त्या डिस्कची स्वतःची नोंद, यांचा मेळ बसतोय का बघायला. एक्स्पोर्ट हा मोडका कॅटलॉगही तितक्याच इमानानं लिहून ठेवू शकतो, आणि मग तो मोडका बॅकअप तुमच्या शेवटच्या चांगल्या बॅकअपला पिढ्यांच्या रांगेतून बाहेर ढकलतो. तपासणीत काही निघालं तर आता जॉब तिथेच थांबतो आणि माणसाला उठवतो. उठवण्यावरून थोडी कुरबुर झाली. मी हटले नाही.

एक्स्पोर्टमध्ये ‘टेम्पररी’ हा शब्द लिहायलाच हवा, हे नव्या मुलांना मी आधी सांगते. काही लिहिलं नाही तर ‘परमनंट’ धरलं जातं, म्हणजे वस्तू इथून कायमची हलवतोय असा अर्थ. आणि परत आणताना इम्पोर्टमध्ये एलियास, म्हणजे नावाचा पहिला तुकडा कुठल्या कॅटलॉगचा ते सांगणाऱ्या नोंदी, मागून घ्यायचे, नाही तर कॅटलॉग येतो पण मास्टरला तो कोणाचा ते ठाऊक नसतं. कॅटलॉग कुलूपबंद स्थितीत आणायचा, तपासून झाल्यावरच उघडायचा. ड्रिलमध्ये आम्ही हे केलं नव्हतं. अर्धवट तपासलेल्या कॅटलॉगवर एका उत्साही जॉबनं लगेच लिहायला घेतलं होतं.

बॅकअपनंतर आणि बिघाडाआधी जे बदल होतात ते भरून काढायला आयसीएफआरयू नावाचं साधन आहे. एसएमएफ ही सिस्टिमची स्वतःची नोंदवही; तिच्या ६१, ६५ आणि ६६ या नोंदींत कॅटलॉगमधली प्रत्येक भर, प्रत्येक खोड, प्रत्येक बदल असतो. रात्री दोनच्या बॅकअपवर त्या नोंदी चढवल्या की कॅटलॉग दुपारच्या अवस्थेला येतो. यासाठी एसएमएफही तासातासाला बाहेर निघायला हवा, आणि त्याचेही व्हॉलसर हवेत. हे आम्ही आता करतो.

नावं बदलली. पिढीच्या क्रमांकाआधीच्या आठ अक्षरांत आता कॅटलॉगचंच नाव असतं. लेबलावरच्या १७ अक्षरांत कोणाचा आणि कितवा, दोन्ही वाचता येतं. दोन तासांचं काम होतं. त्या रात्री त्याच्याच अभावी आमचे सहा तास गेले.

प्रत पाठवायचा प्रकार फक्त या बॅकअपांसाठी ‘डेफर्ड’वरून ‘रन’वर नेला, म्हणजे टेप उतरवताना दुसऱ्या टोकाला प्रत पोचल्याशिवाय जॉब पुढे सरकत नाही. जॉबला थोडा वेळ जास्त लागतो. सगळ्याच टेपांना हे लावलं तर दुव्यावर ताण येईल. या मूठभरांना लावलं तर काही बिघडत नाही.

शिवाय रेस्क्यू सिस्टिमच्या स्वतःच्या डिस्कवर एक प्रत, टेपच्या वाटेला न जाणारी.

आणि यादी. जॉबच्या आउटपुटमध्ये आयईएफ२८५आय हा संदेश येतो, त्यात डेटासेटचं नाव आणि खाली व्हॉलसर. शेवटची पायरी ते उचलते, एका पानात बसवते, तीन जणांना मेल करते आणि दोन्ही डेटा सेंटरच्या प्रिंटरवर छापते. रोजचं पान ऑपरेटर लखोट्यात घालून अग्निरोधक कपाटात ठेवतो, आठवड्याची सात पानं राहतात. पानावर डेटा नसतो, फक्त नावं आणि नंबर, तरी सुरक्षा विभागाची लेखी मंजुरी घेतली. माझ्या घरी त्यातलं काही ठेवत नाही.

कागदाबद्दल एक जण म्हणाला, या काळात कागद? मला चिपळूण आठवलं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हा दुकानदारांच्या वह्या चिखलात गेल्या आणि संगणकही गेले. कागद आहे म्हणून तो टिकेलच असं मी म्हणत नाही. म्हणूनच दोन शहरं आणि दोन्हीकडे वरचा मजला. पण त्या दिवसांत आमच्याकडे मेल उघडत नव्हतं, फोन लागत नव्हता, आणि कुणाला काही कळवायचं तर चिठ्ठीच जात होती.

एका सापळ्याबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण तो ड्रिलमध्ये दिसला नाही, आम्ही नंतर टेबलावर बसून शोधला. आमच्याकडचे बरेच टेप ‘कॅटलॉगमध्ये आहे तोवर ठेव’ या नियमावर टिकतात. आरएमएममध्ये त्याला व्हाइलकॅटलॉग म्हणतात. सीए-१ हे टेप सांभाळणारं दुसरं सॉफ्टवेअर वापरणारे लोक मुदतीच्या जागी ९९००० लिहून हेच साधतात. रोजच्या दिवसात नियम छान आहे. डेटासेट कॅटलॉगमधून गेला की टेप आपोआप मोकळा. आता समजा कॅटलॉग बिघडला आणि तुम्ही परवाचा परत आणला. काल आणि आज लिहिलेले सगळे टेप त्या परवाच्या कॅटलॉगमध्ये नाहीत. त्या रात्री आरएमएमचं हाउसकीपिंग, म्हणजे रोजची आवराआवर, नेहमीप्रमाणे चाललं, तर ते प्रामाणिकपणे बघेल, कॅटलॉगमध्ये नाही म्हणून त्या टेपांची मुदत संपवेल, आणि पुढे ते स्क्रॅचमध्ये, म्हणजे पुन्हा लिहायला मोकळ्या टेपांत, जातील. यंत्रात स्क्रॅच झालेल्या टेपवर लगेच लिहू न देण्याची मुदत लावता येते, ती आम्ही लावलेली आहे, पण तिच्यावर विसंबायचं नाही. कॅटलॉग परत आणल्यावर पहिली गोष्ट हाउसकीपिंग थांबवणं, आणि आयसीएफआरयू पुरा होऊन कॅटलॉग व आरएमएमचा मेळ बसेपर्यंत ते चालू न करणं. लखोट्यातल्या पानावर सगळ्यात वर, जाड अक्षरात, हे एक वाक्य आहे. व्हॉलसर त्याखाली.

दुसरं ड्रिल डिसेंबरात झालं. मी लाइनवर होते, हवा कोरडी, रेंज चांगली. लखोटा फोडण्यापासून पहिला युजर कॅटलॉग तपासून उघडेपर्यंत बावन्न मिनिटं लागली. आठही कॅटलॉग अडीच तासांत. कॅटलॉग कालचेच होते.

तरी माझं समाधान होईना. ते ड्रिल मी चालवलं होतं, आणि पायऱ्या माझ्या डोक्यात होत्या. म्हणून सरांना म्हटलं, तिसऱ्या वेळी मी लाइनवर असणार नाही, आणि ज्यांनी ही प्रक्रिया लिहिली त्यातलं कुणीच नसेल. लखोटा, ऑपरेटर आणि कन्सोल. सर तयार झाले.

ते ड्रिल मार्चमध्ये झालं. आमच्याकडे आंब्याचे दिवस, दिवसभर माणसांची ये-जा. रात्री फोन उशाशी घेऊन झोपले नाही, मुद्दाम माजघरात ठेवला. सकाळी सहाला ऑपरेटरचा मेसेज होता. सगळे आठ आले, तीन तास दहा मिनिटं, सविस्तर नंतर फोनवर.

फोनवर त्यानं सांगितलं की पहिलीच क्रिएट व्हॉल्यूमएन्ट्री फसली होती. मी पानावर कमांड जशीच्या तशी छापली होती, आणि तिच्यात लायब्ररीचं जे नाव होतं ते प्रॉडक्शनचं. रेस्क्यू सिस्टिमच्या एसएमएसमध्ये (मोबाइलचा नव्हे, स्टोरेजची मांडणी ठरवणारा भाग) त्याच लायब्ररीला वेगळं नाव दिलेलं. डिसेंबरात माझ्या हातून ते नाव बोलता बोलता बदललं गेलं होतं, म्हणून मला कळलंच नाही की पानावर चूक आहे. त्यानं संदेश वाचला, कन्सोलवरून लायब्ररीची नावं काढली आणि पुढे गेला. चाळीस मिनिटं गेली.

“ताई, मी पानावर लिहून ठेवलंय,” तो म्हणाला. “नवं पान छापून येईपर्यंत कुणाला लागलं तर असावं.”

त्यानं पानाचा फोटो पाठवला. छापलेल्या नावावर एक आडवी रेघ, शेजारी बरोबर नाव, तारीख आणि त्याची सही. पेन्सिलनं.